हयातीचा दाखला

नोव्हेंबर. शरणपूर रोडची बँक.
मशीन माझा अंगठा ओळखत नाही.
"आजी, पुसा जरा. परत ठेवा."
पुसते. ठेवते. लाल दिवा.
"रेषाच राहिल्या नाहीत हो तुमच्या," मुलगा म्हणतो,
जशा मी त्या कुठंतरी विसरून आले.

आले असेनही.
दर गुरुवारी टपालाची थैली,
मेणबत्तीवर वितळणारी लाख,
शिक्का टेकवताना भाजणारं बोट.
तीस वर्षं.

"नोकरी कुठं होती? प्रेसमध्ये?"
नाशिकरोडला सरकारी म्हणजे प्रेसच, त्याचं चुकलं नाही.
"परराष्ट्र खात्यात."
"म्हणजे व्हिसाचं काम?"
"हो," म्हणते. मागं रांग वाढतेय.

देश माझ्याहून अठरा वर्षांनी लहान होता
आणि मी थोरल्या बहिणीसारखी
त्याचं नाक पुसत हिंडले परक्या घरांतून.
पहिली वकिलात हॉटेलच्या दोन खोल्यांत.
एकीत राजदूत, दुसरीत फायली आणि मी,
न्हाणीघरात टाइपरायटर, त्याचा मोठा आर तुटलेला.
रिपब्लिक लिहायचं तर पहिलं अक्षर
शाईनं, हातानं काढायचं.

दारावर पाटी नव्हती. सरकारी यायला वर्ष लागणार.
मी अण्णांना लिहिलं.
तांबट आळीतून, बोटीनं, तीन महिन्यांनी
गोणपाटात शिवलेली पाटी आली,
सोबत चिवडा, कागदाला तेल सुटलेलं.
'भारतीय'मधला 'य' जरासा खाली घसरलेला.
चिठ्ठीत तेच, जे ते प्रत्येक शिकाऊ पोराला सांगत:
ठोका मोठा नको, सारखा हवा.
तांबं रागावत नाही, फाटतं.

पुढं एका हिवाळ्यात गव्हासाठी बसले
कुणाच्या तरी बाहेरच्या खोलीत, पाच दिवस.
आईचं पत्र पर्समध्ये:
रविवार कारंजावर पहाटेपासून रांग,
मिलो मिळतो, खडे फार.
समोर केकची बशी आली.
खाल्ला.
न खाणं हेही एक निवेदन ठरलं असतं.

रुजू होताना एका कागदावर सही केली होती:
लग्न केल्यास राजीनामा.
पुरुषांच्या कागदात ते वाक्य नव्हतं.
एक दुभाषा होता. त्यानं विचारलं,
आधी त्याच्या भाषेत, मग मोडक्या माझ्या.
मी त्याचं मराठी व्याकरण सुधारलं
आणि फाइल पुढं सरकवली.

अण्णा गेल्याची तार कामाच्या गठ्ठ्यात आली.
सवयीनं मी संकेतांची वही उघडली,
अक्षरं मोजली, आकडे लावले,
काहीच उलगडेना.
साधी मराठी होती, रोमन लिपीत.
गंगेवरचं सगळं धाकट्यानं उरकलं होतं
मी पोचले तेव्हा.

आता मॅनेजर येतात. "कागदी फॉर्म आहे,
पण ओळखणारं कुणी लागेल. आहे का इथं?"

एकदा एक खलाशी आला होता, कागद एकही नाही,
जहाज निघून गेलेलं. मी गावाचं नाव विचारलं,
मग तिथल्या विहिरीचं.
तो सांगत सुटला, पाणी कुठल्या महिन्यात खारट होतं,
कुणाची म्हैस पडली होती.
मी लिहून दिलं: हा आमचा आहे.
पुढं कुणी विचारलं नाही, कशावरून.

रांगेतून एक बाई हलते, हातात भाजीची पिशवी.
"मी ओळखते की यांना.
गंगापूर रोडला माझ्याकडनंच घेतात कोथिंबीर.
भाव करत नाहीत कधी. उगाच म्हणतात,
तुम्ही म्हणाल तो."
आणि सही करते, जीभ दातांत धरून, सावकाश:
हिराबाई पुंजा गांगुर्डे.

मुलगा ठप्पा मारतो. द्वारका त्र्यंबक तांबट, हयात.
मी कागद वाचते, जुन्या खोडीनं, शेवटच्या कलमापर्यंत.
मुदत एक वर्ष.
याहून मोठे करार
याहून लवकर मोडलेले पाहिलेत मी.
"बरोबर आहे ना, आजी?"
"आहे," म्हणते. "इथं एक स्वल्पविराम राहिलाय.
राहू दे."